सुटे भाग : लाटेवरची फळी



'सुटे भाग' या आपल्या सदरात दर महिन्याला आपण एक वस्तू उघडून बघतो. शिवणयंत्र झालं, बाजाची पेटी झाली, उत्तरायणाच्या महिन्यात पतंग झाला. माझा जन्म गेला सुतारशाळेत, मुलांना रंधा धरायला शिकवण्यात. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती मनातल्या मनात सुटी करून बघायची खोड अजून गेलेली नाही. या वेळची वस्तू मात्र मी निवडलेली नाही. ती नातीने माझ्या गळ्यात बांधली. वस्तू आहे सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडे घसरत यायची फळी.

बडोद्यात सर्फबोर्ड? हसलात ना? मीही हसलो होतो. आपल्याकडे पाणी म्हणजे सूरसागर, त्याच्याभोवती संध्याकाळी फेरी मारायची. विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे तिथे पाय बुडवायचा प्रश्नच नाही. आणि समुद्र म्हणाल तर आपला जवळचा समुद्र कावी-कंबोईचा. स्तंभेश्वर महादेवाला गेलेले असाल तर पाहिलंच असेल, भरतीला शिवलिंग पाण्याखाली जातं आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी, पण फळी टाकून उभं राहावं अशी लाट तिथे नाही.

तरीही दहावीची परीक्षा संपल्यावर एका रात्री जेवताना नातीने जाहीर केलं, "मला सर्फिंग शिकायचंय. दिवाळीच्या सुट्टीत. गोव्याला."

ताटावरचे सगळे हात थांबले. आजी म्हणाली, "पाण्यात नाही म्हणजे नाही." आणि ती आमटी आणायला आत निघून गेली. आमटी भांड्यात होती, समोरच.

ती का उठली, हे बडोद्यात राहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. जे परगावी किंवा परदेशी हे सदर वाचतात त्यांच्यासाठी सांगतो. १८ जानेवारी २०२४. उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते, झाडांवर फाटके पतंग अजून लटकत होते. हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं बसवली होती आणि कित्येक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्या दिवसापासून शहरातल्या अनेक घरांसारखं आमच्याही घरात पाण्याचं नाव काढणं बंद झालं. शाळेच्या सहलीची चिठ्ठी आली की सून आधी एकच विचारायची, "तिथे तळं आहे का?" असलं तर सही नाही.

मी त्या रात्री काही बोललो नाही. झोप मात्र लागली नाही. मनात एकच यायचं. त्या बोटीजवळ उभं राहून कोणी मोठ्या माणसाने नुसतं विचारलं असतं, "किती जणांची बोट आहे? जॅकेट किती आहेत?" तर? आपण पाण्याला भितो, पण विचारायचं काय ते आपल्याला ठाऊक नसतं. वस्तूच्या भागांची नावं ठाऊक नसली की प्रश्नही सुचत नाहीत. शिवणयंत्राचा शटल कुठे असतो हे माहीत नसलेला माणूस कारागिराला काय विचारणार? तो नुसता म्हणतो, "चालत नाही हो."

सकाळी नातीला बोलावलं आणि दोन अटी घातल्या. एक, आधी पोहणं. थांबल्याशिवाय दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, दहा मिनिटं पाठीवर तरंगता आलं पाहिजे, आणि पाय टेकत नाहीत तिथे उभ्याने तरंगून राहता आलं पाहिजे. दोन, त्या फळीचा एकेक भाग तू मला समजावून सांगायचास. मी परीक्षा घेणार.

"आबा, तुम्ही पण येणार ना गोव्याला?" तिने विचारलं.

"परीक्षक यायलाच हवा," मी म्हणालो.

उन्हाळाभर ती पालिकेच्या तलावावर जात होती, पावसाळ्यातही गेली. इकडे संध्याकाळी ती मला गोष्टी सांगायची. मुंबईत वाढलेली इशिता मालविया मणिपालला शिकायला गेली, तिथे फळीवर उभी राहायला शिकली आणि २००७ मध्ये तिने आपल्या जोडीदाराबरोबर उडुपीजवळ कोडी बेंगरे इथे सर्फिंगचा क्लब काढला. भारतातली पहिली महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. त्याच किनाऱ्यावर मुल्कीचा मंत्र सर्फ क्लब तर २००४ पासूनचा. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं या खेळात पुढे आली आहेत. मला वाटलं होतं हे सगळं इंग्रजी सिनेमातलं. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर वीस वर्षं चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही!

आजी ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकत होती.

नोव्हेंबरात आम्ही दोघं आणि माझा मुलगा असे तिघं उत्तर गोव्यात अश्वेला गेलो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथला समुद्र खवळलेला असतो. पाऊस सरला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत लाटा लहान होतात आणि खाली वाळू असते. शिकाऊ माणसाला हेच हवं. शिकवणारा मुलगा तिकडचाच, पेडण्याकडचा. त्याने पाण्याकडे बघूसुद्धा दिलं नाही. आधी फळी वाळूवर ठेवली आणि म्हणाला, "हिची ओळख करून घ्या." मला तो तिथेच आवडला.

आता तुम्हीही ओळख करून घ्या.

नाक, शेपटी आणि मधला बाक

फळीचं पुढचं टोक म्हणजे नोज, आपण नाक म्हणू. मागचं टोक म्हणजे टेल, शेपटी. शिकाऊ फळीचं नाक रुंद आणि गोल असतं. तज्ज्ञांच्या फळीचं टोकदार असतं. शेपटीचे आकार अनेक, गोल, चौकोनी, टोकदार, पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली. रुंद शेपटी हळू लाटेतही उचल देते. निमुळती शेपटी मोठ्या, वेगवान लाटेत पकड देते.

फळी बाजूने बघितली तर ती सपाट नसते. नाक मोजडीच्या टोकासारखं वर वळलेलं असतं, शेपटीही किंचित वर. या बाकाला रॉकर म्हणतात. मी चाळिशी वर करून डोळा लावून बघितलं, रंधलेल्या फळीचा बाक बघतो तसं. इथे हा बाक मुद्दाम ठेवलेला आहे. तो नसता तर लाट मागून उचलल्याबरोबर नाक पाण्यात घुसलं असतं आणि माणूस कोलांटी खाऊन पुढे पडला असता. बाक फार असला तर फळी पाणी ढकलत बसते, वेग येत नाही. म्हणून शिकाऊ फळीला बाक कमी असतो. तिने सहज पुढे जावं.

फळीवर कुठे आडवं व्हायचं, हेही नाकावरून ठरतं. फार पुढे सरकलात तर नाक बुडतं. फार मागे राहिलात तर नाक आकाशाकडे जातं आणि लाट तुम्हाला सोडून निघून जाते. शिकवणाऱ्याचं माप सोपं होतं, नाक पाण्याच्या चार बोटं वर.

पाठ, पोट आणि कडा

ज्या बाजूवर आपण उभे राहतो ती डेक, म्हणजे पाठ. पाण्याला लागते ती बाजू बॉटम, म्हणजे पोट. आणि दोन्ही बाजूंच्या लांब कडा म्हणजे रेल. शिकाऊ फळीच्या कडा जाड आणि गोल असतात, चूक झाली तरी सांभाळून घेतात. तज्ज्ञांच्या फळीची कड शेपटीकडे धारदार होते, ती पाण्यात रुतते म्हणून वळण झटकन घेता येतं.

नवखा माणूस उठताना हमखास कडा घट्ट धरतो. मग एक हात जास्त दाबला जातो आणि फळी कलंडते. हाताचे तळवे छातीच्या बाजूला, पाठीवर सपाट टेकायचे, सूर्यनमस्कारातल्या भुजंगासनासारखे. नातीला हे पहिल्याच खेपेला जमलं, कारण आजीने तिच्याकडून लहानपणापासून सूर्यनमस्कार घालून घेतले आहेत. हे मी घरी आल्यावर आजीला मुद्दाम सांगितलं.

आता पाठीवरचं मेण. सर्फबोर्डला मेण चोळतात, हे ऐकून मला वाटलं गुळगुळीत करायला चोळत असतील. उलटंच निघालं. आपल्या बडोद्यात जुम्मादादांच्या आणि माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा, त्यामुळे मल्लखांब तुम्ही पाहिलेला असणार. मल्लखांबाला एरंडेल लावतात ते अंग सरकावं म्हणून. फळीला मेण लावतात ते पाय सरकू नये म्हणून. मेणाचे बारीक बारीक दाणे पाठीवर उठतात आणि ओल्या तळव्याला धरून ठेवतात. पाणी जितकं उबदार तितकं मेण कडक लागतं, नाहीतर ते गोव्याच्या उन्हात वितळून जाईल. शिकाऊ फळीची पाठ मऊ फोमची असते, तिला बहुतेक वेळा मेणाची गरज पडत नाही. आणि पोटाला मेण कधीच लावायचं नाही.

आतलं थर्मोकोल आणि त्यातला कणा

फळी हलकी कशी? आत काय आहे? मला खरी उत्सुकता याचीच होती.

जुन्या हवाईमध्ये फळ्या लाकडाच्या असत. ड्यूक कहानामोकू नावाच्या हवाईच्या माणसाने हा खेळ जगभर नेला. त्याची एक प्रसिद्ध फळी सोळा फुटी होती आणि तिचं वजन पन्नास किलोच्या वर होतं. या ड्यूकबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखं आहे, तो आधी पोहणारा होता. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक जिंकलं. आधी पोहणं, मग फळी. माझी अट काही जगावेगळी नव्हती.

पुढे टॉम ब्लेकने पोकळ फळ्या केल्या, मग बाल्सा नावाचं हलकं लाकूड आलं, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी फोम आला. आज फळीच्या आत फोम असतो आणि वरून काचतंतू व रेझिनचा कडक थर. शिकाऊ फळीत बहुधा आपलं थर्मोकोलच असतं, फक्त दाट, आणि वर कडक थराऐवजी मऊ आवरण. डोक्याला लागली तरी कडक फळीपेक्षा इजा कमी होते. म्हणून पहिली फळी मऊच हवी, कितीही सुंदर कडक फळी कोणी स्वस्तात देत असलं तरी.

थर्मोकोल म्हटल्यावर नातीने सांगितलेली एक गोष्ट. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं. पुरुषांचं पहिलं सुवर्ण ब्राझीलच्या इटालो फरेराने जिंकलं. त्याचे वडील मासे विकायचे. मासे ठेवायच्या थर्मोकोलच्या पेटीचं झाकण घेऊन हा पोरगा लाटांवर शिकला. आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सुरुवातीलाच त्याची फळी मोडली. दुसरी घेऊन तो पुन्हा पाण्यात उतरला आणि जिंकला.

नुसता फोम वाकतो, तुटतो. म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध लाकडाची एक पातळ पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. कडक फळीच्या पाठीवर ती रेघेसारखी दिसते. नातीला मी विचारलं, "हा काय प्रकार?" ती म्हणाली, "आबा, पतंगाचा ढढ्ढा!" मी पूर्ण गुण दिले. कागद कितीही चांगला असला तरी ढढ्ढ्याशिवाय पतंग उभा राहत नाही. तसंच हे. शिवाय उभं राहताना ही रेघ उपयोगी पडते, दोन्ही पाय तिच्यावर आले की तोल मधोमध राहतो.

किती लिटरची फळी?

फळीवर लांबीबरोबर एक आकडा लिटरमध्ये लिहिलेला असतो. तेल-दुधासारखा लिटर कशाला, असं वाटेल. ते फळीचं घनफळ आहे, आणि आठवीत शिकलेला आर्किमिडीज इथे कामी येतो. सत्तर लिटरची फळी पूर्ण बुडाली तर ती सत्तर लिटर पाणी बाजूला सारते. समुद्राच्या पाण्यात ते भरतं सुमारे बहात्तर किलो. फळीचं स्वतःचं वजन सात किलो धरा. राहिले पासष्ट. म्हणजे पासष्ट किलोपर्यंतच्या माणसाला ती पाण्यावर धरून ठेवील.

नात पन्नास किलोची. तिला पंधरा किलोची उचल शिल्लक राहते, म्हणून आठ फुटी फळी तिच्याखाली स्थिर राहिली. मी सत्तरीच्या पुढे, वयाने आणि वजनानेही. तिने हिशेब करून सांगितलं, "आबा, तुम्ही यावर झोपलात तर फळी पाण्याखालून चालेल." मी झोपलो नाही.

सांगायचा मुद्दा असा की शिकाऊ माणसाला लांब, रुंद, जाड फळी हवी. छोटी फळी दिसायला ऐटबाज असते, पण तिच्यावर उभं राहणं म्हणजे पहिल्या दिवशी सायकलचा मागचा आधार काढून टाकणं.

पर

फळी उलटी केली की शेपटीजवळ माशाच्या परांसारखे उभे तुकडे दिसतात. हे फिन. बाणाच्या मागची पिसं जे काम करतात तेच हे करतात, शेपटीला भरकटू देत नाहीत. पूर्वी फळीला पर नव्हते. वळायचं असलं तर मागचा पाय पाण्यात टाकून ओढत न्यायचे. १९३५ मध्ये टॉम ब्लेकने फळीला एक पर बसवला आणि फळी ऐकू लागली. मग एक, दोन असे पर चालले. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन परांची फळी केली आणि पुढच्या वर्षी तिच्यावर मोठ्या स्पर्धा जिंकून दाखवल्या. आज बहुतेक फळ्यांना तीनच पर असतात.

बघा, इतका छोटा भाग, पण फळी सरळ जाते ती त्याच्यामुळे. शिकाऊ फळीचे पर लवचीक असतात, तरी हात-पाय कापू शकतात. उथळ पाण्यात येण्याआधी उतरायचं, नाहीतर पर वाळूत अडकतो, फळी थांबते आणि आपण थांबत नाही.

दोरी

शेवटचा भाग, आणि माझ्या मते नीट समजून घ्यायचा. शेपटीजवळ फळीत एक छोटी खोबण असते, तिला लीशची दोरी अडकवतात. तिचं दुसरं टोक पट्ट्याने मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. मागचा पाय कोणता? कोणीतरी पाठीमागून हलकेच ढकलावं. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा, राहिलेला मागचा. दोरीची लांबी साधारण फळीइतकी किंवा थोडी जास्त.

लीश १९७० च्या सुमाराला आली. आधी शस्त्रक्रियेत वापरतात तसली रबरी नळी बांधत. ती ताणली जायची आणि फळी गोफणीतल्या दगडासारखी परत यायची. पाण्यात घालायच्या वेटसूटसाठी प्रसिद्ध असलेल्या जॅक ओ'नील यांचा एक डोळा अशाच दोरीमुळे गेला. आताची दोरी फार ताणत नाही. तरीही पडल्यावर वर येताना एक हात डोक्यावर धरूनच यायचं, फळी कुठे आहे ते आधी बघायचं. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. आणि फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही, लाट तीच फळी आपल्या अंगावर आपटते.

शिकवणाऱ्या मुलाने नातीला विचारलं, "दोरी कशाला?"

"मी बुडू नये म्हणून," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "फळी दुसऱ्याच्या डोक्यात जाऊ नये आणि तुझ्यापासून लांब जाऊ नये म्हणून. दोरी सुटू शकते, तुटू शकते. तू बुडू नयेस म्हणून तुझं पोहणं आहे."

हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याची गरज पडली.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी नात उभी राहिली. तीन सेकंद असेल. मी किनाऱ्यावरून टाळ्या वाजवल्या, शेजारचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मग ती उत्साहात धावत बाहेर आली, पाणी प्यायली आणि घाईघाईने पट्टा पुन्हा बांधून आत गेली. पट्ट्याच्या चिकटपट्टीत वाळू होती. तिने झटकली नाही.

पुढची लाट जरा मोठी आली. नात पडली. फळी वर आली आणि एकटीच किनाऱ्याकडे निघाली. दोरी मोकळी, पट्टा उघडा. नात दिसेना.

मंडळी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्या दोन-चार सेकंदांत मला आजीचा चेहरा दिसला आणि हरणीचा तलाव दिसला. माझा मुलगा पाण्यात धावला. शिकवणारा मुलगा तर तिच्यापासून दहा हातांवर होता.

मग एक हात वर आला, डोक्यावर धरलेला, शिकवला होता तसा. मागोमाग डोकं. तिने फळी कुठे आहे ते बघितलं, ती लांब गेल्याचं बघितलं आणि शांतपणे किनाऱ्याकडे पोहायला लागली. पाय टेकल्यावर चालत आली. पाणी तिच्या छातीइतकंच होतं. पण पडलेल्या माणसाला छातीइतकं पाणीही खोलच असतं.

ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आबा, चिकटपट्टीत वाळू होती. माझी चूक."

माझा आवाज फुटेना. तिने फळी आणली, पट्टा पाण्यात धुतला, नीट बांधला, ओढून बघितला आणि मला दाखवला. "जाऊ?" असं विचारलं.

खरं सांगायचं तर तोंडावर 'नको' आलं होतं. पण चूक कुठे झाली हे तिला माहीत होतं, त्या भागाचं नाव माहीत होतं आणि ती दुरुस्त करून दाखवत होती. अजून काय हवं होतं मला? मी म्हणालो, "जा."

घरी

परत आल्यावर आजीने काही विचारलं नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शेव-उसळ खाता खाता नातीनेच पट्ट्याची गोष्ट सांगून टाकली, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, संपलं आता.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती दोरी कुठे बांधतात, काढून दाखव बघू."

नातीने ओट्यावर खडूने फळी काढली. नाक, शेपटी, कडा, मधला ढढ्ढा, तीन पर, दोरी. आजी चष्मा लावून वाकून बघत राहिली. शेवटी तिने खडूच्या दोरीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी बांधलीस की दोनदा ओढून बघायची." पुढच्या वेळी! मी उसळीत मान घातली.

तर मंडळी, तुमची मुलं पाण्याच्या कुठल्याही खेळाला जात असतील, फळी असो, बोट असो, नाहीतर साधा तरणतलाव, तर 'नाही' म्हणण्याआधी आणि 'हो' म्हणण्याआधीही एवढं विचारा. माझ्या मुलीला किंवा मुलाला पोहता येतं का, आणि किती? शिकवणारा एका वेळी किती जणांना बघतो, आणि पाण्यात असतो की काठावर? वस्तू याच्या वजनाला आणि वयाला बेताची आहे का? बांधायचे पट्टे, दोऱ्या, जॅकेट कोणी तपासले, आणि माझ्यासमोर तपासतील का? पाण्याची ओढ कुठल्या बाजूला आहे, आणि त्यात सापडलं तर काय करायचं? (फळी सोडायची नाही, ओढीशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि हात वर करून बोलवायचं.) किनाऱ्यावर जीवरक्षकाचा लाल झेंडा असेल तर कोणाचंही ऐकून पाण्यात उतरायचं नाही.

उत्तर द्यायला कोणी कंटाळलं तर तिथून परत फिरा. मला भेटलेला तो पेडण्याकडचा मुलगा एकदाही कंटाळला नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. घरातल्या आजी-आजोबांना फळीचं चित्र काढून तिचे भाग सांगा. दोरी कशासाठी, असं विचारा. 'बुडू नये म्हणून' असं उत्तर आलं तर खरं उत्तर समजावून द्या.

पुढच्या महिन्यात उत्तरायण. तेव्हा फिरकी उघडू.

तुमचा,
आबा